जुन्या नाण्याची खरी किंमत किती?

भारतीय रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी एक प्रसिद्धिपत्रक काढून नागरिकांना सावधगिरीचा इशारा दिला. जुन्या नोटा व नाणी विकत घेण्याच्या किंवा विकून देण्याच्या निमित्ताने काही मंडळी बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, दलाली अथवा कर उकळत असल्याचे बँकेच्या निदर्शनास आले होते. आपण अशा कोणत्याही व्यवहारात नाही, त्यासाठी कधीही शुल्क आकारत नाही आणि आपल्या वतीने तसे करण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले.

फसवणुकीची पद्धत साधी असते. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखो रुपयांना विकत घेतले जाईल, अशी जाहिरात दिसते. नाणे घरात असतेच, कारण २०१२ साली ते चलनासाठीच काढले गेले होते. संपर्क साधला की आधी नोंदणी शुल्क, मग वस्तू व सेवा कर, मग रक्कम पोहोचवण्याचा खर्च, अशा मागण्या सुरू होतात. विक्रेता म्हणून गेलेला माणूस पैसे भरत राहतो आणि नाणे त्याच्याच कपाटात राहते. ज्या घरात आजोबांनी कापडी पिशवीत बांधून ठेवलेले चांदीचे रुपये असतात, त्या घराला हा मोह अधिक पडतो. नाण्याला किंमत नेमकी कशामुळे येते, हे ठाऊक नसणे हेच या धंद्याचे भांडवल आहे.

वास्तविक एकाच नाण्याला एकाच वेळी वेगवेगळ्या किमती असू शकतात. त्यावर छापलेली किंमत सरकार ठरवते, त्यातील धातूची किंमत बाजार ठरवतो आणि संग्राहक जी किंमत मोजतो ती दुर्मिळता व हौस यांच्या हिशेबाने ठरते. या किमती एकमेकींच्या जवळ असतीलच असे नाही. नाण्याचा इतिहास पाहिला तर त्या एकमेकींशी भांडत आल्या आहेत असेच म्हणावे लागते.

राजमुद्रेचे मोल

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षत्रप राजा नहपान याची होती. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने स्वतःचा ठसा पुन्हा उमटवला होता. नहपानाचा पराभव झाला, तेव्हा विजेत्याने त्याची नाणी वितळवली नाहीत. चांदी तीच, वजन तेच. बदलली ती फक्त हमी देणाऱ्याची खूण. धातूला पैसा बनवते ती सत्तेची मुद्रा, याचा इतका ढळढळीत पुरावा क्वचितच मिळतो.

तरीही केवळ मुद्रेवर काम भागत नसे. नाण्यात सांगितल्याइतकी चांदी आहे की नाही, हे पारखणारा माणूस लागे. त्यालाच सराफ म्हणत. दागिने विकणारा हा त्या शब्दाला नंतर चिकटलेला अर्थ आहे. नाणे दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकण्याच्या रीतीतूनच मराठीत ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग रुळला. ‘बंदा रुपया’, ‘सोळा आणे खरे’, ‘पै न पै’, ‘दमडीची किंमत नाही’ हे शब्दप्रयोग ज्या नाण्यांवरून आले ती केव्हाच चलनातून गेली, भाषेत मात्र ती अजून चालतात.

आजच्या रुपयाचे मूळ शेरशाह सूरीच्या सोळाव्या शतकातील चांदीच्या ‘रुपिया’मध्ये आहे. पुढे मोगलांनी तो कायम ठेवला. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, अर्थात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ हे प्रमाण बदलले नाही. त्यामुळे त्या काळातील कोणत्याही अस्सल पूर्ण रुपयात, नाणे झिजलेले नसल्यास, सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. घरातील जुन्या रुपयाची किमान किंमत काढायची असेल तर हा एक आकडा पुरेसा आहे. त्या दिवसाच्या चांदीच्या दराने त्याला गुणावे. जाहिरातीची गरज नाही.

प्रारंभी रुपयाची छापील किंमत आणि चांदीची किंमत जवळपास सारखी असे, कारण कोणीही टाकसाळीत चांदी नेऊन त्याचे रुपये पाडून घेऊ शकत होता. १८७० नंतर जर्मनीसह अनेक देशांनी सुवर्णमानाचा स्वीकार केला आणि चांदीचे जागतिक भाव कोसळू लागले. पूर्वी सुमारे दोन शिलिंग मोलाचा असलेला रुपया त्याबरोबर घसरत गेला. भारत सरकारला इंग्लंडमध्ये दरवर्षी पौंडांत मोठ्या रकमा चुकत्या कराव्या लागत असल्याने हे नुकसान डोईजड झाले. अखेर १८९३ साली टाकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या. तेव्हापासून रुपया चांदीचा असला तरी त्याचे मोल त्यातील चांदीपेक्षा जास्त होते. तो चांदीवर छापलेली नोटच झाला, असे म्हटल्यास फारसे चुकीचे होणार नाही.

पहिल्या महायुद्धात हे चक्र उलटे फिरले. चांदी महागली आणि १९१७ पर्यंत रुपयातील धातू रुपयापेक्षा मौल्यवान होण्याची वेळ आली. असे झाले की नाणे चलनात राहत नाही. ते पेटीत जाते, नाहीतर मुशीत. सरकारने रुपये वितळवण्यास व निर्यात करण्यास बंदी घातली, नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढली आणि लहान नाण्यांसाठी तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा अवलंब केला. तरीही टंचाई हटेना. शेवटी अमेरिकेने १९१८ साली स्वतःच्या चांदीच्या डॉलरांचा मोठा साठा वितळवून ती चांदी भारतासाठी उपलब्ध करून दिली.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने ती चूक पुन्हा होऊ दिली नाही. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली आणि १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरिया, सातवे एडवर्ड व पंचम जॉर्ज यांच्या काळातील जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेण्यात आले. म्हणजे आज घरोघरी जपलेला ‘राणीछाप रुपया’ कायद्याने पैसा राहून आठ दशके उलटली आहेत. १९४७ साली रुपयातून चांदी पूर्णपणे गेली. त्या वर्षीचा रुपया निकेलचा होता आणि त्यावर वाघ होता. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करण्यासाठी पुढे हेच निम्म्या चांदीचे रुपये गोळा करून कोलकात्यात शुद्ध करण्यात आले.

खिशातले नाणे

प्रजासत्ताक भारताची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० रोजी आली. रुपया, अधेली व पावली यांवर अशोकस्तंभाचे सिंह आणि धान्याची कणसे, आण्यांवर बैल आणि पैशावर घोडा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत सुरू झाली व सोळा आण्यांच्या जागी शंभर ‘नये पैसे’ आले. १ जून १९६४ पासून त्यातील ‘नये’ हा शब्द गळाला. ३० जून २०११ नंतर २५ पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनबाह्य झाली. बाजारात दिसत नसले तरी ५० पैशांचे नाणे मात्र कायदेशीर आहे.

नोट आणि नाणे यांत एक फरक सहसा लक्षात येत नाही. नोटांची जबाबदारी रिझर्व्ह बँकेची असते, तर नाणी केंद्र सरकार पाडते व बँक ती फक्त वितरित करते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे सरकारी टाकसाळी आहेत. नाण्यावरील सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असल्यास ते मुंबईचे, तारा असल्यास हैदराबादचे, ठिपका असल्यास नोएडाचे आणि काहीच नसल्यास बहुधा कोलकात्याचे समजावे. १९८० आणि ९०च्या दशकांत टंचाईमुळे काही नाणी परदेशी टाकसाळींतूनही पाडून आणली गेली. त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत.

२०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया किंवा त्याहून अधिक मूल्याच्या नाण्यांनी एक हजार रुपयांपर्यंतचे देणे फेडता येते, तर ५० पैशांच्या नाण्यांनी दहा रुपयांपर्यंतचे. त्याहून अधिक रकमेची नाणी स्वीकारण्याचे बंधन घेणाऱ्यावर नाही. परंतु कायद्याने चालणारे नाणे व्यवहारातही चालेलच असे नाही. दहा रुपयांच्या नाण्याबाबत हे अनेक राज्यांत अनुभवास आले. कोणत्या नक्षीचे नाणे खरे व कोणते खोटे, याच्या अफवांमुळे दुकानदार व रिक्षाचालक ते नाकारू लागले. तेव्हा दहा रुपयांची चौदा वेगवेगळ्या नक्षीची नाणी काढण्यात आली असून ती सर्व वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावे लागले.

धातू आणि छापील किंमत यांचे जुने भांडणही संपलेले नाही. २००७ साली कोलकात्यातून आलेल्या वृत्तांनुसार, भारतीय नाणी चोरट्या मार्गाने बांगलादेशात नेऊन वितळवली जात व त्यांच्यापासून दाढीची पाती बनवली जात. एका रुपयाच्या पोलादातून पाच ते सात पाती निघत असल्याचे सांगितले गेले. नाणे वितळवणे वा नष्ट करणे यासाठी आता सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. टाकसाळीलाही लहान नाणे परवडत नाही. माहितीच्या अधिकारात २०१८ साली मिळालेल्या उत्तरानुसार एक रुपयाचे नाणे पाडण्यास १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. दहा रुपयांच्या नाण्यास मात्र ५ रुपये ५४ पैसेच.

जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे

संग्राहकांच्या बाजारात सर्वांत मोठा गैरसमज वयाचा आहे. कुशाण किंवा दिल्ली सुलतानांच्या काळातील तांब्याची झिजलेली नाणी काही शे रुपयांत मिळू शकतात, कारण ती असंख्य सापडली आहेत. याउलट १९३९ सालचा एक रुपया त्या मानाने कालचा. पण तो फारच थोडा उपलब्ध असल्याने संग्राहक त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर १८६२ हे साल सर्वाधिक दिसते, त्याचे कारण असे की १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर तेच साल कायम ठेवण्यात आले होते. प्रत्यक्ष वर्ष ओळखण्यासाठी अभ्यासक नक्षीतील बारीक ठिपके मोजतात. ‘दीडशे वर्षांपूर्वीचे नाणे’ म्हणून ज्याचा गवगवा होतो, ते बहुधा हेच सर्वसामान्य नाणे असते.

चुकांना मात्र भाव येतो. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती इतका ठेंगणा कोरला गेला की लोकांना तो डुकरासारखा दिसू लागला. हिंदू व मुस्लिम दोघांच्याही भावना दुखावण्याची भीती निर्माण झाल्याने तो रुपया मागे घेण्यात आला आणि १९१२ पासून सुस्पष्ट सोंडेचा हत्ती आला. संग्राहक आजही १९११ चा रुपया आवर्जून शोधतात. टाकसाळीत चकती सरकल्याने अर्धवट उमटलेली किंवा एकच बाजू दोनदा उमटलेली नाणीही अशीच जपली जातात.

त्यानंतरची कसोटी म्हणजे नाण्याची अवस्था. एकाच वर्षाच्या, एकाच टाकसाळीच्या दोन नाण्यांत, एक हाताळलेले व दुसरे कोरे असेल, तर किमतीत दहापट अंतर पडू शकते. अमेरिकेत विल्यम शेल्डन याने १९४९ साली मांडलेली १ ते ७० अशी श्रेणी आता जगभर वापरली जाते. इथेच घरगुती उत्साह नडतो. विकण्यापूर्वी नाणे चिंच, लिंबू वा भांडी घासण्याच्या भुकटीने लख्ख केले की त्यावर काळाने चढलेला थर आणि बारीक नक्षी दोन्ही जातात. संग्राहकाच्या दृष्टीने असे नाणे जखमी झालेले असते. काळे पडलेले नाणे तसेच ठेवावे, हा या छंदातील पहिला धडा आहे.

मराठी वाचकाला जवळची नाणीही या नियमाला अपवाद नाहीत. शिवछत्रपतींच्या नावाची तांब्याची शिवराई पेशवाईतही मोठ्या संख्येने पाडली गेली, त्यामुळे ती आजही तुलनेने स्वस्तात मिळते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मिळ. म्हणूनच त्याच्या बनावट प्रतीही भरपूर आहेत. इंदूर, ग्वाल्हेर व बडोदा येथील मराठा संस्थानांची नाणी आणि गोव्यातील पोर्तुगीज अमदानीतील रुपिया व एस्कुदो ही स्वतंत्र अभ्यासाची क्षेत्रे आहेत. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणेशास्त्राच्या अभ्यासाची एक संस्था उभी आहे, तर रिझर्व्ह बँकेने मुंबईत २००४ साली चलनाचे संग्रहालय सुरू केले. अस्सल नाणी डोळ्यांखालून घालण्यास याहून चांगला मार्ग नाही.

बनावट नाण्यांत एक प्रकार तर निव्वळ कल्पनेतून जन्मलेला आहे. एका बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, दुसऱ्या बाजूस रामदरबार, हनुमान वा अन्य देवता आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ असे साल असलेले तांब्याचे ‘अर्धा आणे’ देशभर फिरत असतात. कंपनीने असे नाणे कधीही काढले नव्हते. याच जातीचा दुसरा भ्रम म्हणजे तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढून घेणारे ‘राइस पुलर’ नाणे. त्याच्या नावाखाली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत लोकांना मोठ्या रकमांना गंडा घातला गेला आहे. तांब्याला तांदूळ चिकटत नाहीत, एवढे शालेय विज्ञान इथे पुरेसे ठरावे.

सोने, चांदी आणि गुंतवणूक

सोन्याच्या नाण्याचे आकर्षण महाराष्ट्राला नवे नाही. व्हेनिसच्या ड्युकॅट या सुवर्णनाण्यावरील उभ्या मानवाकृती पाहून पश्चिम भारतात त्याला ‘पुतळी’ म्हणू लागले आणि त्यांची ओवलेली माळ म्हणजे पुतळ्यांची माळ. ज्याला बोलीभाषेत गिनी म्हणतात तो ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८ ग्रॅम वजनाचा, २२ कॅरटचा असून त्यात सुमारे ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असते. १९१८ साली तो मुंबईतही पाडण्यात आला होता. केवळ गुंतवणुकीसाठी म्हणून पाडलेले, एक औंस शुद्ध सोन्याचे आधुनिक नाणे प्रथम दक्षिण आफ्रिकेने १९६७ साली ‘क्रुगरँड’ या नावाने आणले. भारत सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये एका बाजूस अशोकचक्र व दुसऱ्या बाजूस महात्मा गांधी असलेले सुवर्णनाणे सादर केले. मात्र ते चलन नव्हते.

धनत्रयोदशीला घेतलेले लक्ष्मीचे चांदीचे नाणेही कायद्याच्या दृष्टीने नाणे नव्हे, पदकच. अशा खरेदीत धातूच्या दरावर घडणावळ आणि जुलै २०१७ पासून ३ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. विकताना यांपैकी काहीही परत मिळत नाही. बँकांना सोन्याची नाणी विकण्याची मुभा मिळाली, ती परत विकत घेण्याची नाही. त्यामुळे शेवटी सराफाचाच दरवाजा ठोठवावा लागतो आणि तो घट धरतो. टाकसाळीकडून पेटीबंद मिळणाऱ्या स्मारक नाण्यांचेही असेच. पं. जवाहरलाल नेहरू यांच्या स्मरणार्थ १९६४ साली सुरू झालेली ही परंपरा आज ७५, १०० ते १००० रुपयांच्या नाण्यांपर्यंत पोहोचली आहे. ती छापील किमतीच्या कितीतरी पट दराने विकली जातात. पुढे त्यांना तोच भाव मिळेल याची हमी कोणीही देत नाही.

दुर्मिळ नाण्यातील गुंतवणुकीचा हिशेब पाहायचा तर जगातील सर्वांत महागड्या नाण्याकडेच पाहावे. अमेरिकेचे १९३३ सालचे वीस डॉलरचे सुवर्णनाणे चलनात आलेच नाही. पाडलेली जवळजवळ सर्व नाणी वितळवण्यात आली. खासगी व्यक्तीस कायदेशीरपणे बाळगता येईल असे एकच नाणे २००२ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ७५ लाख ९० हजार डॉलरना विकले गेले. गंमत अशी की त्यात वीस डॉलर अधिकचे होते, ते नाण्याला अधिकृतपणे चलनाचा दर्जा मिळावा म्हणून सरकारला दिलेले. जून २०२१ मध्ये त्याच नाण्याला सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलर आले. आकडा डोळे दिपवणारा आहे खरा. परंतु एकोणीस वर्षांत ही वाढ अडीच पटीची, म्हणजे दरसाल पाच टक्क्यांहूनही कमी. त्याच काळात साधे सोने औंसाला सुमारे ३१५ डॉलरवरून १,९०० डॉलरच्या आसपास, म्हणजे सहा पट गेले. विम्याचा, सांभाळण्याचा व लिलावाच्या दलालीचा खर्च यात धरलेलाच नाही.

याचा अर्थ नाणी जमवू नयेत असा नाही. शुद्ध धातूत पैसे ठेवायचे असतील तर प्रमाणित शुद्धतेचे, कमीत कमी घडणावळीचे सोने पुरे. दुर्मिळ नाणे घ्यायचे तर आधी दोन-चार वर्षे पुस्तके, लिलावांच्या सूची आणि जाणकारांची संगत यांत घालवावीत. मुंबई, पुणे येथील नाणेप्रदर्शनांत घरची नाणी दाखवून त्यांविषयी मत घेता येते. एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर न थांबता दोघा-तिघांना विचारणे आणि मत घेण्यापूर्वी कोणतेही शुल्क न भरणे, एवढे पथ्य पाळले तरी बहुतेक फसवणूक टळते.

कायद्याच्या काही बाबीही ध्यानात ठेवाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरू शकतात. त्यांचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे आजोबांचे रुपये घेऊन जाणाऱ्यांनी हे विशेषतः लक्षात घ्यावे. सोन्याची नाणी चोवीस महिन्यांहून अधिक काळ जवळ ठेवून विकल्यास, जुलै २०२४ मध्ये झालेल्या बदलानुसार, होणाऱ्या नफ्यावर साडेबारा टक्के कर ठरला. आणि नांगरताना किंवा घराचा पाया खणताना जमिनीत नाणी सापडली, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. सापडलेल्या ठेव्याचे मोल दहा रुपयांहून अधिक असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. कोणी मालक पुढे न आल्यास आणि दोघांत वेगळा करार नसल्यास सापडवणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास उरलेला हिस्सा मिळतो. सरकारला तो ठेवा हवा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन तो ताब्यात घेता येतो. न कळवता लपवून ठेवणाऱ्याचा हिस्सा मात्र सरकारजमा होतो.